खांद्याच्या वरून

चिकपेटेच्या मागच्या गल्लीत सूर्यकांत टेलरांची कस्तुरी म्हटलं की लोकांना आधी तिचा उजवा हात आठवायचा, चेहरा नंतर. वरच्या मजल्यावरच्या कावेरीअक्काला बटणं, सुईदोरा, काडेपेटी असं काहीही हवं झालं की ती सज्जातून हाक मारायची आणि कस्तुरी खालून ते असं फेकायची की अक्काला हात लांबसुद्धा करावा लागत नसे. पोरीच्या हाताला डोळे आहेत, असं अक्का येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची.

घर शिंप्यांचं. पूर्वज बेंगळुरात नेमके कधी आले आणि कुठून, हे घरात कुणालाच धड सांगता येत नव्हतं. घरात मराठी, दुकानात कन्नड आणि भांडणात दोन्ही, एवढा त्यांचा इतिहास. कस्तुरीचे अप्पा, म्हणजे सूर्यकांत टेलर, शब्दाला आणि टिपेला पक्के. त्यांना दोन गोष्टींचा अभिमान होता आणि तो ते लपवत नसत. पहिली, कापड कापण्याआधी ते बादलीत भिजवून, वाळवून घ्यायचे. “माझ्याकडचा कपडा आटत नाही,” हे वाक्य त्यांनी इतक्या गिऱ्हाइकांना ऐकवलं होतं की गल्लीतल्या लहान पोरांनाही ते पाठ होतं. दुसरी गोष्ट मुंढा. बाही जिथे अंगाला जोडतात तो गोल म्हणजे मुंढा. गळा कुणीही कापेल, टेलरची परीक्षा मुंढ्यात, असं ते म्हणायचे. त्यांच्या हातचा सदरा घातलेला माणूस बसमध्ये दांडा धरून उभा राहिला तरी सदरा कमरेवरून हलत नसे.

हायस्कुलात असताना कस्तुरी व्यायाम करत होती, असं कुणी म्हटलं असतं तर तिला हसू आलं असतं. व्यायाम करायची ती गरडीतली, म्हणजे तालमीतली, अंगाला तेल लावलेली पोरं. ती आपली खेळायची. शाळेत चालत जायची, चालत यायची. नळाचं पाणी गेलं की कोपऱ्यावरच्या बोअरवरून कमरेवर बिंदगी, म्हणजे घागर, घेऊन यायची. आणि संध्याकाळी शाळेच्या अंगणात थ्रोबॉल. व्हॉलीबॉलसारखीच जाळी, पण चेंडू झेलायचा आणि लगेच पलीकडे फेकायचा. नियम एकच कडक. चेंडू एका हातानं आणि खांद्याच्या वरून सुटला पाहिजे. खांद्याखालून सुटला की शिट्टी, फाउल, गुण पलीकडच्यांना.

शाळेचे गुरुराज सर जाळीपाशी उभे राहून सारखे ओरडायचे, “मेले, मेले!” कन्नडात मेले म्हणजे वर. हात वर, चेंडू वर, नजर वर. घरात कुणी मराठीत असं ओरडलं असतं तर आई हातातलं काम टाकून धावली असती, पण कस्तुरीच्या डोक्यात दोन्ही मेले आपापल्या जागी सुखानं नांदत होते. दहावीच्या वर्षी तिची शाळा पेटेतल्या, म्हणजे जुन्या बाजारभागातल्या, शाळांमध्ये अंतिम सामन्यापर्यंत पोचली. तो सामना बघायला अप्पा दुकानाचं शटर अर्धं ओढून आले होते. कस्तुरीची शाळा जिंकली. बक्षिसं द्यायच्या आधीच अप्पा उठून गेले. गिऱ्हाईक ताटकळलं असेल, असं समजून तिनं ते मनावर घेतलं नाही.

पंच्याण्णव सालच्या मे महिन्यात निकाल लागला आणि जयनगरातल्या मुलींच्या कॉलेजात तिला कॉमर्सला प्रवेश मिळाला. पहिली पीयूसी, म्हणजे अकरावी. जयनगर म्हणजे रुंद रस्ते, झाडं, डॉक्टरांचे बंगले. अप्पांनी गल्लीत पेढे वाटले आणि तिला पाच चुडीदार, म्हणजे पंजाबी ड्रेस, शिवायला घेतले. कापड स्वतः निवडलं. निळ्यावर पांढरे ठिपके, हिरवं बारीक चौकड्यांचं, एक फिकट गुलाबी. प्रत्येकाला त्याच कापडाची वेल. ओढणीला बेंगळुरात वेल म्हणतात. कॉलेजच्या नोटीसबोर्डावर पहिल्याच दिवशी लागलं होतं, आवारात वेल सक्तीची.

“कॉलेजच्या मुलीचा कपडा फिटिंगला असावा,” अप्पा म्हणाले, आणि फिटिंग खरंच दृष्ट लागण्यासारखं होतं. आरशासमोर उभी राहून कस्तुरी स्वतःवरच खूष झाली. मग केस बांधायला तिनं हात वर नेला, तेव्हा तो खांद्यापाशी आला आणि अडला. काखेत कापड काचलं. पहिला चुडीदार असेल म्हणून तिनं दुसरा घातला. मग तिसरा. पाचही तसेच निघाले.

ती अप्पांना सांगायला दुकानात गेली आणि दारातच थांबली. अप्पा नवा चष्मा नाकावर घेऊन सुईत दोरा ओवत होते आणि दोरा काही जात नव्हता. चष्मा त्याच वर्षी लागला होता. त्याच वर्षी रस्त्यापलीकडे रेडिमेडचं मोठं दुकान उघडलं होतं आणि अप्पांची जुनी गिऱ्हाइकं तिथून पिशव्या घेऊन मान खाली घालून यांच्या दुकानासमोरून जायची. अशा माणसाला, तुमचा मुंढा चुकला, असं कोणत्या तोंडानं सांगायचं? पाचही ठिकाणी चुकला, हे तर आणखीच वाईट. कस्तुरीनं शब्द गिळला. “छान बसलेत,” म्हणाली. अप्पांनी मान हलवली आणि दोरा ओवत राहिले.

कॉलेजात तिला अशा पुष्कळ मुली भेटल्या ज्या हायस्कुलात धावायच्या, कबड्डी खेळायच्या, दोरीवरच्या उड्यांत बक्षिसं घ्यायच्या. सगळ्या जणी आता छातीशी फाइल धरून सावकाश चालत. कुणी त्यांना मनाई केली नव्हती. पीटीचा तासच कॉलेजच्या वेळापत्रकात नव्हता. सकाळी मार्केटातून बीटीएसची बस, मग वर्ग, मग कँटीन, मग वर्ग, मग अकाउंटन्सीची ट्यूशन, पुन्हा बस. दिवसभर बसायचं आणि बसमध्ये तेवढं उभं राहायचं. चोर येऊन एखादी वस्तू नेतो तेव्हा घरात निदान आरडाओरडा तरी होतो. ह्यांचं खेळणं गेलं त्याचा कुणाला पत्ताही लागला नाही. विचारलं तर म्हणायच्या, आता कॉलेज आहे ना.

पण कस्तुरीला खेळायचं होतं. वर्गात बाकावर बसल्या बसल्या तिची बोटं चेंडू धरल्यासारखी वाकायची. ऑगस्टमध्ये कॉलेजच्या थ्रोबॉल टीमची निवड असल्याची चिठ्ठी लागली तेव्हा तिनं पहिल्याच झटक्यात नाव दिलं.

खेळाच्या मॅडम म्हणजे महानंदा मॅडम. बेळगावकडच्या, थोराड अंगाच्या, गळ्यात शिट्टी आणि साडीखाली पायांत बूट. कन्नड आणि मराठी दोन्ही भाषांत तेवढ्याच खणखणीत रागावणाऱ्या. टीममध्ये निवड झालेल्यांना कॉलेज खेळाचा ड्रेस द्यायचं. तोपर्यंत सगळं चुडीदारवर. वेलीची सक्ती मैदानावरही होती, आणि तिच्यावर मॅडमनी आपला तोडगा काढला होता. “वेल काढायची नाही असं लिवलंय. कुठं घालायची ते कुठं लिवलंय? बायका पदर खोचतात तशी खोचा.” मग सगळ्या जणी वेल खांद्यावरून तिरपी घेऊन कमरेला गाठ मारायच्या.

कस्तुरीनं गाठ मारली, चेंडू घेतला आणि हात उचलला. मुंढा काचला. चेंडू सुटला तो खांद्याच्या खालून. शिट्टी वाजली. दुसरा फेकला, पुन्हा शिट्टी. तिसऱ्या वेळी तिनं सगळा जोर लावला तर चेंडू जाळीतच गेला.

“खांद्याखालनं फेकूलालीस की ग,” मॅडम म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या, आणि तेच कस्तुरीला जास्त लागलं. “शाळेत कुणी शिकिवलं नाही?”

गुरुराज सरांनी कसं शिकवलं होतं ते तिला सांगता आलं असतं. पण मग कपड्याचं सांगावं लागलं असतं आणि पेटेतल्या सूर्यकांत टेलरांचं नाव त्या मैदानावर निघालं असतं. “नाही जमत, मॅडम. अभ्यासही पुष्कळ आहे,” एवढंच बोलून ती बाहेर आली. घरी आईनं विचारलं तेव्हाही तेच सांगितलं. आईला बरंच वाटलं. “सुम्ने, उगीच कशाला दमायचं? आता कॉलेज आहे,” ती म्हणाली.

त्यानंतरच्या महिन्यांत सांगण्यासारखं फार नाही. कस्तुरी जाड झाली नाही की आजारी पडली नाही. फक्त दुसऱ्या मजल्यावरचा वर्ग लांब वाटायला लागला. बसमध्ये ती वरचा दांडा सोडून सीटच्या पाठीला धरायची, आणि वळणावर धक्का बसला की शेजारणीच्या अंगावर जायची. कावेरीअक्कानं एकदा सज्जातून बटणांची पुडी मागितली तेव्हा पुडी अर्ध्यावरच भिंतीवर आपटली आणि गटाराच्या झाकणावर बटणं पांगली. पुढच्या वेळी अक्कानं दोरीला पिशवी बांधून खाली सोडली. ती पिशवी हलत हलत खाली येताना पाहून कस्तुरीला रडू आलं. का आलं ते तिला नीट ठाऊक होतं आणि कुणाला सांगता येत नव्हतं.

वर्गात तिची मैत्री जमली श्वेताशी. श्वेताचे वडील कंप्यूटर कंपनीत, उन्हाळ्यातच पुण्याहून बदलून आलेले. श्वेताला कन्नड शून्य. वेल सक्तीची ही नोटीस तिला कुणी मराठीत समजावली तेव्हा ती दोन दिवस कॉलेजच्या भिंतीवर कसली वेल चढवायची आहे याचा विचार करत होती. शाळेत ती बास्केटबॉल खेळलेली, त्यामुळे थ्रोबॉलच्या टीममध्ये तिची निवड झाली. पहिल्या दिवशी महानंदा मॅडम जाळीपाशी “मेले, मेले” ओरडायला लागल्या तेव्हा ती चेंडू सोडून मागे वळून बघत राहिली. “अगं, मला खरंच वाटलं कुणीतरी गेलं,” असं तिनं कस्तुरीला सांगितलं, आणि कित्येक आठवड्यांनी कस्तुरी पोट धरून हसली.

श्वेताला चुडीदार शिवायचे होते. कस्तुरीनं तिला चिकपेटेत नेलं, कापड घेऊन दिलं आणि अप्पांच्या दुकानात माप द्यायला उभं केलं. दोघींची अंगकाठी जवळपास एकच. नवं गिऱ्हाईक, तेही जयनगरचं, म्हणून अप्पा खुलले. त्यांनी श्वेतालाही, आपल्याकडचा कपडा आटत नाही, हे ऐकवलं. कस्तुरी तेवढ्यात कावेरीअक्काकडे वर गेली होती. परत आली तेव्हा माप घेऊन झालं होतं.

दसऱ्याची सुट्टी संपून कॉलेज सुरू झालं त्या आठवड्यातली गोष्ट. शनिवार होता, कॉलेज अर्धा दिवस. कँटीनमध्ये कुणाचा तरी कोपर लागला आणि वाटीभर सांबार कस्तुरीच्या गुलाबी चुडीदारावर पालथं झालं. श्वेताच्या बॅगेत प्रॅक्टिसनंतर बदलायचा कुर्ता होता, अप्पांनीच शिवलेला. “घाल ना, मी आज खेळाच्या ड्रेसवरच घरी जाईन,” श्वेता म्हणाली. कस्तुरी तो घालून बसमध्ये चढली. गर्दी होती. वळणावर बस कलली आणि तिचा हात सवयीनं सीटची पाठ शोधायचं विसरून सरळ वर गेला आणि वरच्या दांड्याला लागला.

तिनं हाताकडे पाहिलं. कुठेही काचत नव्हतं. कुर्ता कमरेवरून तसूभर हलला नव्हता. चष्मा तोच, कात्री तीच, हात तेच, आणि मुंढा अगदी जसा असावा तसा. कपडे ह्याच महिन्यात शिवलेले. म्हणजे अप्पांची नजर गेली नव्हती. त्यांना मुंढा येत होता. पुढे एक सीट रिकामी झाली, पण कस्तुरी मार्केट येईपर्यंत दांडा धरून उभीच राहिली.

ती घरी न जाता दुकानात गेली. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. अप्पांनी मशीनवरून मान वर केली आणि आधी कपड्याकडे पाहिलं.

“हा त्या श्वेताचा.”

“हो. माझ्यावर सांबार सांडलं.” तिनं त्यांच्यासमोर हात सरळ डोक्यावर नेला. “बघा.”

अप्पांनी सवयीनं मुंढा बघितला. “बसलाय नीट.”

“मग माझे का नाही बसले?”

अप्पांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. “तिनं सांगितलं, खेळते, सैल ठेवा. गिऱ्हाईक सांगेल तसं शिवायचं.”

“मी खेळते हे तुम्हाला ठाऊक नव्हतं?”

“ती गिऱ्हाईक. तू मुलगी.”

रस्त्यावरून एक हातगाडी खडखडत गेली. मग अप्पाच बोलायला लागले, मशीनच्या चाकाकडे बघत. “त्या मॅचला आलो होतो मी. कंपाउंडवर पोरं बसली होती. तुम्ही पोरी हात वर करून उडी मारलीत की ती काय बोलायची, ते ह्या कानांनी ऐकलंय. बसवेना मला. घरी येऊन तुला खेळू नको म्हणावं, तर तेही तोंडातनं निघेना. एवढी खूष होतीस. तोंडानं जमलं नाही ते कात्रीनं केलं.”

कस्तुरीला राग आला, आणि रागाहून जास्त तिला स्वतःच्या समजूतदारपणाची लाज वाटली. ह्या माणसाचं मन दुखू नये म्हणून ती मैदानावर सगळ्यांसमोर खोटं बोलली होती. इतके महिने काचणारे कपडे छान बसलेत म्हणून मिरवले होते.

“बोलली ती पोरं,” ती म्हणाली. “आणि हात माझा बांधलात.”

अप्पांचा पाय मशीनवर गेला आणि सुई खालीवर व्हायला लागली. सुईखाली कापड नव्हतं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, अप्पा आणि आई आनेकलला कुणाच्या तरी साखरपुड्याला गेले. कस्तुरी अभ्यासाचं निमित्त काढून मागे राहिली. टीममधल्या एका मुलीचं लग्न ठरून ती कॉलेज सोडणार होती आणि सोमवारी तिच्या जागी दुसरीची निवड होती, हे श्वेतानं तिला सांगितलं होतं. दुकानाची किल्ली खुंटीवर होती. ती आत गेली, निळा ठिपक्यांचा चुडीदार उलटा केला आणि काखेतली शिवण ब्लेडनं उसवली.

जुन्या पद्धतीच्या पैरणीला काखेत चौकोनी तुकडा जोडतात, म्हणजे हात मोकळा राहतो. हे तिनं लहानपणापासून पाहिलं होतं, केलं मात्र कधी नव्हतं. तिला हेम घालता यायची, काजं-बटणं करता यायची. मशीनवर सरळ टीप कशीबशी. आणि तुकडा आणायचा कुठून? त्या ठिपक्यांच्या कापडाची चिंधीसुद्धा दुकानात शिल्लक नव्हती. तिनं सगळी गाठोडी सोडून पाहिली. मग तिची नजर वेलीवर गेली. वेल त्याच कापडाची होती. तिनं कात्री उचलली आणि वेलीचा एक कोपरा कापला. कात्री मोठी होती, आवाजही मोठा झाला.

तुकडे बसले, पण कसे, ते विचारू नये. एका बाजूला फुगा आला, दुसरीकडे टीप नागमोडी गेली. पण तिनं अंगात घालून हात वर नेला आणि तो कानाला लागला. दुकानाच्या आरशात ती बराच वेळ तशीच हात वर करून उभी राहिली.

सोमवारी मैदानावर महानंदा मॅडमनी तिला ओळखलं. “काय ग, अभ्यास संपला काय?”

“नाही, मॅडम. पण हात सुटलाय.”

मॅडमना ते काही कळलं नाही. “सरी, बरं. फेक बघू.”

कस्तुरीनं वेल तिरपी घेतली आणि कापलेला कोपरा कमरेच्या गाठीत दडपला. चेंडू हातात आला तेव्हा तिला भीती वाटली. कपडा मोकळा झाला होता, पण हात मधल्या महिन्यांत विसरला असेल तर? पहिला चेंडू जाळीला लागून पलीकडे पडला. शिट्टी वाजली नाही. दुसरा त्याहून लांब गेला. “मेले, मेले!” मॅडम ओरडल्या आणि कस्तुरीनं उडी मारून तिसरा टाकला. त्या वेळी काखेत टर्र आवाज झाला, सगळ्यांना ऐकू जाईल एवढा. दोघी-तिघी हसल्या. कस्तुरीनं बगल दाबून धरली नाही. तिनं चौथा चेंडू मागितला. शाळेत कधी लागायचा नाही तसा दम लागला होता. चेंडू मात्र खांद्याच्या वरून सुटत होते, आणि मैदानाच्या दुसऱ्या टोकाला श्वेता टाळ्या पिटत होती.

“दमतीस लवकर,” मॅडम शेवटी म्हणाल्या. “घेतलं तुला. रोज यायचं. दम येईल परत. आणि तो कपडा नीट शिवून घे कुणाकडनं तरी.”

घरी येऊन तिनं चुडीदार धुतला आणि मागच्या दोरीवर उलटा वाळत घातला, फाटलेली काख दाराकडे. लपवायचं नाही असं तिनं बसमध्येच ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी अप्पा जेवायला आले, हात धुवायला मागे गेले आणि बराच वेळ परत आले नाहीत. कस्तुरी गेली तेव्हा त्यांनी कपडा दोरीवरून काढून उजेडाकडे धरला होता. शेजारीच वेल वाळत होती, कोपरा नसलेली. अप्पांनी त्या वेलीकडेही पाहिलं.

“ही टीप कुणाची?”

“माझी.”

“एकेरी आहे.”

“हो.”

“काखेत एकेरी टीप टिकत नाही. दुहेरी घालतात.” त्यांनी अंगठ्यानं तो फुगा चाचपला. “आणि तुकडा असा सरळ लावायचा नसतो. तिरका लावतात, म्हणजे ओढला तरी फाटत नाही.”

अप्पांनी कपडा आणि वेल घडी करून काखोटीला मारली, न जेवता दुकानाकडे निघाले, दारातून परत आले आणि म्हणाले, “बाकीचे चार कुठे आहेत?”

पुढच्या रविवारी सकाळी त्यांनी तिला दुकानात बोलावलं. निळा चुडीदार घालायला लावला. मग गिऱ्हाइकासमोर उभे राहतात तसे समोर उभे राहिले, गळ्यात टेप, कानावर खडू.

“हात मेले कर.”

हा शब्द त्यांनी तिच्याशी कधी वापरला नव्हता. तो त्यांनी त्या सामन्यातच ऐकलेला असणार. कस्तुरीनं हात वर नेला.

“काचतंय?”

“नाही.”

“फेकल्यासारखा कर.”

तिनं फेकल्यासारखा केला. कापड अंगाबरोबर गेलं आणि अंगाबरोबर परत आलं. काखेतला तुकडा कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते हातालासुद्धा लागत नव्हतं. अप्पांनी दोन वेळा मुंढ्यावरून अंगठा फिरवला आणि मग त्यांचा हात तसाच तिच्या खांद्यावर राहिला.

“शनिवारी मॅच आहे,” कस्तुरी म्हणाली. “कॉलेजच्याच मैदानावर.”

“सरी.” अप्पा टेप गुंडाळायला लागले. “तिथं कंपाउंड कुठल्या बाजूला आहे?”

“रस्त्याच्या बाजूला. का?”

“तिथं उभा राहीन म्हणतो.”

त्या दिवशी दुपारी आई कपड्यांच्या घड्या घालत होती. तिनं हिरवी वेल उचलली, उलगडली, पुन्हा उलगडली. मग निळी घेतली, गुलाबी घेतली. सगळ्यांच्या कडा नव्यानं दुमडून बारीक हेम घातली होती, आणि प्रत्येक वेल चांगली वीतभर कमी भरत होती.

“अय्यो, ह्या वेली आखूड कशा झाल्या हो?”

अप्पा पेपर वाचत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“आटल्या,” ते म्हणाले.

आईनं त्यांच्याकडे पाहिलं. लग्न होऊन ह्या घरात आल्यापासून तिनं त्यांच्या तोंडून हा शब्द कधी असा ऐकला नव्हता. मग तिनं कस्तुरीकडे पाहिलं, पुन्हा वेलीकडे पाहिलं.

“सगळ्याच?”

“सगळ्याच,” सूर्यकांत टेलर म्हणाले, आणि त्यांनी पेपरचं पान उलटलं.